वर्गणीची रंगपेटी आणि घरचा गेरू

 

शेळीपालन, कर्जाचा हप्ता, अंगातलं रक्त वाढवायचं कसं, अशा गोष्टी आपण या वेळेला नेहमी बोलतो. आज रंगांबद्दल बोलायचंय. दर महिन्याला घरपोच येणाऱ्या रंगांच्या खोक्याबद्दल.

मासिकाची वर्गणी भरतात तशी आता रंगांचीही वर्गणी भरता येते. मोबाईलवरून पैसे भरायचे, की दर महिन्याला एक खोकं घरी येतं. आत काय असेल ते आधी सांगत नाहीत, तीच त्यातली गंमत. कधी रंग, कधी ब्रश, कधी कागद, आणि सोबत ते कसं वापरायचं हे सांगणारं एक चिटोरं. शहरात लहान मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही अशी खोकी मागवतात. कुरिअरवाला आता आपल्याही गावात येतो, तेव्हा त्यांच्या जाहिराती आपल्याही मोबाईलवर येणारच.

आमच्या गटात आम्ही बाराजणी. दिवाळीला पणत्या रंगवतो, संक्रांतीला सुगडं, लग्नसराईत रुखवताचं सामान, मधल्या दिवसांत कापडी पिशव्या. आमच्यातल्या एका काकूंची लेक पुण्याला नोकरी करते. तिनं आईला अशा खोक्याची तीन महिन्यांची वर्गणी भेट दिली. काकूंनी पहिलं खोकं घरी न फोडता गटाच्या बैठकीत आणलं, आणि तिथंच प्रश्न निघाला. हे तीन महिने लेकीचे, पण पुढं काय? गटाच्या पैशातून वर्गणी चालू ठेवायची का?

महिन्याला साडेसहाशे रुपये. वर्षाचे ७,८०० रुपये झाले. एवढ्यात एक शेळी येते, असं एकीनं लगेच सांगितलं. दुसरी म्हणाली, शेळी दूध देते हे खरं, पण रंगात हात घातला की माझं डोकं शांत होतं, त्याचा हिशेब कोण धरणार? बोलणं दोघींचंही खरं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, जाहिरातीवर जायचं नाही आणि नुसत्या हौसेवरही जायचं नाही. तिन्ही खोक्यांतली प्रत्येक वस्तू वापरून बघायची, तपासायची आणि वहीत लिहायची. चौथ्या महिन्यात वही उघडून निर्णय घ्यायचा. त्या वहीत काय निघालं ते आज सांगतो.

पहिल्या खोक्यात बारा वड्यांची जलरंगाची डबी होती, एक गोल ब्रश, दांड्यात पाणी भरायचा एक ब्रश आणि पोस्टकार्डाएवढे दहा जाड कागद. दुसऱ्यात अ‍ॅक्रिलिक रंगाच्या १२ मिलीलिटरच्या सहा ट्यूब, दोन ब्रश आणि कॅनव्हास चिकटवलेले दोन पुठ्ठे. तिसऱ्यात चार ब्रशपेन, एक सोनेरी मार्कर, नक्षी उमटवायची एक जाळी आणि एक छोटी वही.

आता तपासायचं कसं? बाजारात आपण वांगं दाबून बघतो, ज्वारी दाताखाली धरून बघतो, साडीचा पदर उन्हात धरून बघतो. रंगाचीही अशीच पारख असते. आम्ही पाच गोष्टी केल्या. त्याला पैसा लागत नाही, म्हणून तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, रंगाची पट्टी. एका कागदावर प्रत्येक रंगाचा बोटभर रुंद पट्टा ओढायचा. सुरुवातीला दाट, मग पाणी घालत घालत शेवटी अगदी फिका. खाली रंगाचं नाव आणि तारीख घालायची. डबीत दिसतो तो रंग आणि कागदावर वाळल्यावर दिसतो तो रंग यांत फरक असतो. जलरंग वाळला की थोडा फिका होतो, अ‍ॅक्रिलिक वाळला की थोडा गडद होतो. ही पट्टी जवळ असली की अंदाज चुकत नाही.

दुसरी, काळी रेघ. कागदावर काळ्या मार्करनं रेघ मारायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मग तिच्यावरून रंग फिरवायचा. रेघ झाकली गेली तर रंग भरीव, आतून दिसत राहिली तर रंग पारदर्शक. यात चांगलं-वाईट असं काही नाही, काम वेगवेगळं आहे. मातीच्या पणतीवर किंवा तपकिरी कापडावर भरीव रंग लागतो. खोक्यातला पिवळा अ‍ॅक्रिलिक पारदर्शक निघाला. पणतीवर तो मातकट दिसायचा. खाली पांढऱ्याचा एक हात दिला, तेव्हा तो खुलला.

तिसरी, पाणी. रंग एक दिवस वाळू द्यायचा, मग ओल्या फडक्यानं पुसून बघायचा. जलरंग निघून आला, तो निघणारच. अ‍ॅक्रिलिक जागचा हलला नाही. ब्रशपेनची शाई तर पाण्याचा थेंब पडताच पसरली. म्हणजे ओल्या हातानं धरल्या जाणाऱ्या वस्तूला ती उपयोगाची नाही.

चौथी, ऊन. ही सगळ्यांत महत्त्वाची. रंगाच्या पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्यानं झाकायचा आणि ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवायचा. महिन्यानं पुठ्ठा काढला की झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसतात. रंग किती उडाला ते वेगळं कुणाला विचारावं लागत नाही.

पाचवी, घास. वाळलेल्या रंगावर पांढरं सुती फडकं वीसदा घासायचं. फडक्याला रंग लागला तर तो गिऱ्हाइकाच्या साडीलाही लागणार. सोनेरी मार्कर इथं नापास झाला. दिसायला मात्र देखणा होता.

उन्हाच्या पट्टीनं आम्हाला जे दाखवलं, ते ऐकण्यासारखं आहे. खोक्यातल्या रंगांच्या शेजारी आम्ही घरातलेही चार-पाच रंग लावले होते. गेरू, दिव्याची काजळी, कपड्यांना घालायच्या जुन्या निळीची पूड, हळद आणि रांगोळीचा गुलाबी. महिन्यानं पुठ्ठा काढला, तर ब्रशपेनचा गुलाबी आणि जांभळा जवळजवळ उडालेले. हळद उडालेली, रांगोळीचा गुलाबीही फिका पडलेला. आणि गेरू, काजळी, नीळ जशीच्या तशी. खोक्यातल्या जलरंगांपैकी विटकरी, पिवळी माती, निळा आणि काळा हेही तसेच टिकले.

असं का होतं? मीठ पाण्यात टाकलं की विरघळतं, दिसेनासं होतं. गेरू पाण्यात टाकला की थोड्या वेळानं तळाशी बसतो. रंगांच्याही अशा दोन जाती आहेत. काही रंग मिठासारखे विरघळणारे असतात. ते चटकन चढतात, झगझगीत दिसतात, पण त्यातले बरेचसे उन्हात लवकर उडतात. काही रंग गेरूसारखी बारीक पूड असतात. त्यातले माती, काजळी, नीळ असे रंग पिढ्यान् पिढ्या टिकतात.

मग आम्ही भिंग घेऊन डबीमागची बारीक अक्षरं वाचली. चांगल्या रंगाच्या वडीवर किंवा ट्यूबवर एक खूण छापलेली असते. इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडा. आत कोणती पूड वापरली आहे ते त्या खुणेवरून कळतं. विटकरी रंगावर पीआर १०१ असं होतं. पीआर १०१ म्हणजे कारखान्यात तयार केलेला लोखंडाचा तांबडा गंज. जमिनीतून निघणाऱ्या तांबड्या मातीची खूण पीआर १०२, म्हणजे आपला गेरू. निळ्यावर पीबी २९ होतं, म्हणजे अल्ट्रामरीन. आपल्या आया पांढऱ्या धोतराला जी निळीची पूड घालायच्या, ती हीच. काळ्यात एक खूण पीबीके ६ अशी असते, ती दिव्याच्या काजळीची. म्हणजे साडेसहाशे रुपयांच्या खोक्यातून आलेले तीन टिकाऊ रंग आपल्या उंबऱ्यावर, मोरीत आणि देवघरात आधीपासून होतेच की.

हे कळल्यावर गटात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, अगं, मग आपल्या गेरूला आणि त्या वडीला फरक तरी काय?

फरक आहे, तो नीट सांगितला पाहिजे. पहिला फरक दळण्याचा. कारखान्यात पूड फार बारीक दळतात, खडा राहत नाही. दुसरा फरक चिकटवण्याचा. नुसती पूड कागदावर धरत नाही, बोट लावलं की निघते. तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं. जलरंगात डिंक असतो. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडांचा. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्लॅस्टिकच्या जातीचा चीक असतो. म्हणून तो एकदा वाळला की पाण्यानं निघत नाही, आणि म्हणूनच त्याचा ब्रश लगेच धुवावा लागतो. पूड तीच, चिकट वेगळं, की रंगाचं काम बदललं. हे एवढं समजलं तर दुकानदारानं काहीही हातात ठेवलं तरी आपण फसत नाही.

गेरूची वडी आम्ही घरी करून बघितली. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवला आणि सकाळी पातळ कापडातून गाळला. गेरू कुटून तलम कापडातून चाळून घेतला. गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर गेरू आणि डिंकाचं पाणी सारख्या मापानं घेतलं, वर मधाचे दोन-तीन थेंब टाकले आणि सपाट दगडानं घोटत राहिलो. किती घोटायचं? बोटांत खर लागत नाही तोवर. आमचे हात भरून आले, पण लोण्यासारखा रंग झाला. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत ओतून तो सावलीत वाळवला. मधामुळं वडी तडकत नाही आणि ओल्या ब्रशनं लगेच सुटते. डिंकाच्या पाण्याला वास येऊ नये म्हणून त्यात लवंग टाकून ठेवली. उन्हाच्या पट्टीत ही वडी खोक्यातल्या विटकरी रंगाच्या बरोबरीनं टिकली. तलमपणात मात्र कारखान्याची वडी पुढं आहे, हेही वहीत लिहिलंय.

यात नवल मानायचं कारण नाही. डहाणूकडच्या वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहीत आल्या आहेत, तो तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या ब्रशनं. खाली भिंत शेणानं आणि गेरूनं सारवलेली. तीच कला पुढं कागदावर आली, जगभर गेली. त्याच भागातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. खोकं चांगलं की वाईट हा भाग वेगळा, पण खोकं आलं नाही म्हणून कला अडत नाही.

खोक्यातून आम्ही काय शिकलो तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. कागदाची गोष्ट आम्हाला खोक्यानं शिकवली. त्या दहा कागदांवर ३०० जीएसएम असं लिहिलं होतं. म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा तो कागद वजनाला ३०० ग्रॅम भरतो. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० ग्रॅमचा असतो. पातळ कागदावर पाणी पडलं की त्याला सुरकुत्या पडतात, रंग खड्ड्यात साचतो आणि बाई म्हणते, मला जमत नाही. दोष कागदाचा असतो. आमच्यातल्या आजींनी आयुष्यात ब्रश धरला नव्हता. शाळेच्या वहीवर त्या दोनदा काढून बघून उठून गेल्या होत्या. जाड कागद दिल्यावर त्यांनी नागपंचमीला भिंतीवर काढतात तसे नाग काढले, मग गौरीची पावलं, मग स्वतःच्या माहेरची विहीर. विहिरीवर मोट, मोटेला दोन बैल. आजींच्या माहेरची विहीर आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

ब्रशची पारखही खोक्यामुळं कळली. ब्रश ओला करून झटकला की टोक सुईसारखं जुळलं पाहिजे. केस हलक्या हातानं ओढले तर निघता कामा नयेत. ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा ठेवायचा नाही, टोक मोडतं. साबणानं धुवायचा, बोटांनी टोक जुळवायचं आणि आडवा वाळवायचा. असा सांभाळलेला एक चांगला ब्रश पाच स्वस्त ब्रशांइतका पुरतो.

आता हिशेब. तीन खोक्यांचे झाले १,९५० रुपये. त्यातल्या वस्तू सुट्या घेतल्या तर कितीला पडतील, ते आम्ही तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात आणि जिल्ह्याच्या गावी विचारून लिहिलं. पहिल्या खोक्यातल्या वस्तू ६२० रुपयांना पडत होत्या, म्हणजे जवळपास तेवढ्याच. त्यातला जाड कागद आणि चांगली वडी तर तालुक्याला मिळतच नाही. दुसऱ्या खोक्यातल्या ३५५ रुपयांना. तिसऱ्यातल्या २९० रुपयांना, आणि त्यातलं निम्मं आम्ही वापरलंही नाही. सगळे मिळून १,२६५ रुपये. वरचे ६८५ रुपये गेले ते खोकं भरणं, पाठवणं, निवडून देणं आणि नव्याची गंमत यासाठी.

ही लूट आहे असं आम्ही म्हणणार नाही. घरपोच पाठवायला खर्च येतो, निवडून द्यायलाही अक्कल लागते. प्रश्न एवढाच, की आपल्याला त्याची गरज दर महिन्याला आहे का? नवीन वस्तू ओळखून घ्यायला एक-दोन खोकी कामाला आली. कामासाठी मात्र आपल्याला ठरलेलंच सामान लागतं. पांढरा रंग सगळ्यांत आधी संपतो, आणि खोक्यात पांढरी ट्यूब एकच होती. दिवाळीत पन्नास पणत्या करायच्या तर त्या एका ट्यूबनं काय होणार? खोकं पाठवणाऱ्याच्या मनात येईल ते येतं, आपल्याला हवं ते येत नाही.

वर्गणी भरण्याआधी पैशाबद्दल आणखी एक गोष्ट समजून घ्या. आमची वर्गणी लेकीनं एकदम भरलेली होती, ती तीन महिन्यांनी आपोआप संपली. पण बऱ्याच ठिकाणी ऑटो-पे चालू करून घेतात. म्हणजे पहिल्यांदा आपण पिन किंवा ओटीपी टाकतो आणि पुढं दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तसा निरोप आपल्याला आला पाहिजे. तो निरोप इंग्रजीत असला तरी पुसून टाकू नका, घरातल्या मुलांकडून किंवा बँक सखीकडून वाचून घ्या. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटो-पे नावाचा भाग असतो. तिथं आपले चालू हप्ते दिसतात आणि तिथूनच ते बंदही करता येतात.

काही जण वर्गणी चालू करणं एका बोटाचं काम ठेवतात आणि बंद करायला मात्र दहा दारं फिरवतात. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या अशा युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत वर्गणीचा सापळा ही युक्ती नाव घेऊन सांगितलेली आहे. असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथं तक्रार सांगता येते. आणि घरी आलेल्या पाकिटावर वजन किंवा माप, कमाल किंमत आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का, ते आधी बघा.

आता कामाच्या दोन-तीन सूचना, पणत्या आणि पिशव्या करणाऱ्या मैत्रिणींसाठी. पणतीला रंग फक्त बाहेरून द्या. काठाला आणि वातीजवळ अ‍ॅक्रिलिक लावू नका, ते जळतं. ज्या भांड्यात खायचं-प्यायचं त्याला आतून कोणताच रंग नको. डबीवर बिनविषारी लिहिलं म्हणजे तो रंग खाण्याजोगा होत नाही. शेंदरात शिसं असू शकतं, म्हणून घरचा रंग करताना शेंदूर वापरू नका, आणि पोरांच्या हातात तर मुळीच देऊ नका. चुन्यानं हात भाजतो, डोळ्याला इजा होते, तो जपून. कापडी पिशवी रंगवायच्या आधी एकदा धुवून तिची खळ काढा. रंग डबीवर लिहिलंय तितका वेळ वाळू द्या, मग उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा. आणि ऑर्डर घ्यायच्या आधी त्याच कापडाचा एक तुकडा रंगवून, धुवून बघा. ब्रश धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका.

तर चौथ्या महिन्यात आम्ही वही उघडली. प्रत्येकीनं आपलं मत सांगितलं आणि ठरलं ते असं. गटाच्या पैशातून वर्गणी चालू ठेवायची नाही. पण रंगाचं काम बंदही करायचं नाही. दर महिन्याला प्रत्येकीनं तीस रुपये काढायचे, बाराजणींचे ३६० रुपये होतात. त्यातून संपलेलं सामान सुटं आणायचं, आणि तीन महिन्यांतून एकदा जिल्ह्याहून जाड कागद मागवायचा. महिन्यातला एक शनिवार दुपारचा रंगाचा ठेवायचा. त्या दिवशी ऑर्डरचं काम काढायचं नाही. ज्याला जे वाटेल ते काढायचं, विकायचं नाही.

या शेवटच्या ठरावावर सगळ्यांत जास्त बोलणं झालं. विकायचं नाही तर पैसे कशाला घालायचे, असं दोघींना वाटत होतं. तेव्हा आजी म्हणाल्या, घरातली गडीमाणसं तंबाखूला महिन्याला किती घालतात ते कुठल्या वहीत लिहिलंय का? त्यावर सगळ्या हसल्या आणि ठराव झाला. पण ती नुसती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आपण बायका मीठ-मिरचीचा, शाळेच्या फीचा, औषधाचा पैसा मोजतो. मोजलाच पाहिजे. पण स्वतःच्या आनंदाला तीस रुपये काढले, तर त्याची कुणाला कैफियत द्यायला नको. मोजून, तपासून, ठरवून काढलेला पैसा उधळपट्टीचा नसतो.

आमच्यातली एक वहिनी मात्र अशी खोकी पुढंही मागवणार आहे. ती आणि तिची शहरातली जाऊ मिळून अर्धे-अर्धे पैसे भरणार आहेत, तेही दर महिन्याला नाही, तीन महिन्यांतून एकदा. तिला भेटकार्डं करायची आवड आहे, आणि नवीन काय निघालंय ते बघायची हौस आहे. पैसा तिचा, हौस तिची. खोक्यात काय चांगलं निघालं ते ती गटाला दाखवणार आहे, आणि आम्ही ते उन्हाच्या पट्टीला लावणार आहोत.

मैत्रिणींनो, तुम्हालाही कुणी भेट म्हणून असं खोकं दिलं तर आनंदानं घ्या, जपून वापरा आणि प्रत्येक वस्तूला विचारा, पाण्यात टिकतेस का, उन्हात टिकतेस का, घासल्यावर टिकतेस का? आणि खोकं आलं नाही, तरी या आठवड्यात एवढं करा. घरातला गेरू, काजळी, हळद आणि मुलांच्या दप्तरातले दोन रंग घ्या. एका कागदावर पट्ट्या ओढा, अर्धा कागद झाका आणि उन्हाच्या खिडकीत लावा. खाली तारीख घाला. महिन्यानं पुठ्ठा काढा आणि काय दिसलं ते तुमच्या गटाच्या वहीत लिहा. आम्हालाही कळवा. तुमच्या भागातली माती पिवळी असेल, कुणाकडं पांढरी असेल, कुणाकडं अगदी काळी असेल. त्यातून कोणता रंग निघतो, ते ऐकायला आम्हाला आवडेल.